चंद्याचा सोमवार

पाखऱ्याच्या खांद्यावरून हात फिरवल्याशिवाय हरणाबाईला संध्याकाळचा घास गोड लागत नसे. दिवस मावळायला बैल सुटला, पाणी पिऊन दावणीला आला, की ती हातातलं काम टाकून गोठ्यात जायची. जू बसतं ती जागा तळव्यानं चाचपायची, कुठं गरम लागतं का, कुठं केस झडलेत का ते बघायची आणि करडीच्या तेलाचं बोट लावायची. मुलगा रुसला तरी चालेल, सून बोलली नाही तरी चालेल, पण बैलाचा खांदा येता कामा नये, असा तिचा खाक्या होता. खांदा येणं म्हणजे जुवानं मांस सुजणं, सालपट निघणं. खांदा आलेला बैल जुंपणारा माणूस तिच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

घर तीन पिढ्या मेंढरांमागं हिंडलेलं. हरणाबाईच्या सासऱ्यानं आटपाडीच्या अंगाला पाच एकर मुरमाड रान धरलं आणि तेव्हा कुठं हे घर एका जागी टेकलं. रानात माती कमी, दगड जास्त. पण दारात खिलारी जोडी अशी होती की वाटेनं जाणारा माणूस थांबून बघायचा. पाखऱ्या आणि चंद्या. दोघं एकाच वर्षी जुवाखाली आलेले. जू सुटलं की पाखऱ्या मान वळवून चंद्याचा खांदा चाटायचा आणि चंद्या डोळे मिटून उभा राहायचा. हरणाबाई उंबऱ्यावर बसून ते बघायची आणि सुनेला म्हणायची, "बघ गं अंबे, ह्यास्नी कुणी शिकिवलं आसंल?"

बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही बैल छावणीत न्यावे लागले. ऐन चैत्रात चंद्यानं पाय पसरले ते पुन्हा आवरले नाहीत. पाखऱ्या तेवढा हाडं घेऊन घरी आला. दोन-तीन दिवस त्यानं सवयीनं शेजारच्या मोकळ्या जागेकडं मान वळवली, जीभ बाहेर काढली, आणि मग तेही सोडून दिलं.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, आर्द्रा नक्षत्रात, पाऊस झाला. चांगला झाला. रान वाफशाला आलं, म्हणजे माती हातात घेतली तर मुटका व्हावा आणि सोडली तर फुटावा, अशी पेरणीची नेमकी वेळ. हरणाबाईच्या मुलानं, बिराप्पानं, बांधशेजारी आप्पासोशी बोलणं केलं. आप्पासोकडंही एकच बैल उरला होता. दोघांचे दोन बैल एका जुवाला लावायचे, आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं. आधी आप्पासोचं पेरून झालं. अगदी शेवटच्या तासाला, म्हणजे शेवटची ओळ पेरताना, त्याच्या बैलाचा खूर दगडावर बसून उकलला. दोष तरी कुणाला द्यायचा? बैल लंगडत घरी गेला आणि बिराप्पाचं पाच एकर रान उन्हात उघडं पडलं. घरात बाजरीचं बी होतं तेवढं होतं. ते वेळेवर मातीत गेलं तर वर्षाची भाकरी, नाही तर पुन्हा सगळ्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायचं. गेलं सालभर तिघांनी तीच फोडली होती, आणि अंबूबाईची तीन वर्षांची पोर त्यापायी अजून आजोळीच होती.

बिराप्पा सगळं गाव फिरून आला आणि उंबऱ्यात बसला. "मोकळा बैल एकबी न्हाई, आये. ज्येची-त्येची पेरणी चाललीया."

अंबूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मी धरते की खांदा. जुवाला एकीकडं पाखऱ्या, एकीकडं मी."

"येडी का काय तू?"

"मग वाफसा काय तुमची वाट बघत बसणार हाय?"

बिराप्पानं आईकडं पाहिलं. हरणाबाईनं सूप ओढलं आणि ती बी निवडायला लागली. त्या घरात ती गप्प बसली म्हणजे होकार, हे दोघांनाही माहीत होतं.

आता, बिराप्पानं जुवाखाली जावं आणि अंबूबाईनं कुरी धरावी, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पेरणीच्या कुरीचं रुमणं, म्हणजे मागची मूठ, पुरुषानंच धरायची. बाईचा हात त्या मुठीला लागला तर पाऊस तोंड फिरवतो, हे गावात ज्याला त्याला ठाऊक. बाईनं मागून चालत वरच्या चाड्यात दाणे सोडावेत, तेवढी तिला मुभा. त्यामुळं बिराप्पा रुमण्यावर, हरणाबाई चाड्यावर आणि अंबूबाई जुवाखाली, अशी वाटणी आपोआप होऊन गेली.

बुधवारी दिवस उगवायला जू मांडलं. बिराप्पानं जुवावरची गाठ बैलाच्या बाजूला सरकवली, म्हणजे जास्त ओझं पाखऱ्यावर यावं. जुन्या वाकळेचा तुकडा चारपदरी करून अंबूबाईनं खांद्यावर घेतला, पदर कमरेला खोचला आणि ती वाकून लाकडाखाली गेली. पाखऱ्या बिचकला. त्यानं एकदा तिला हुंगलं आणि कान मागं टाकले.

पहिल्या दिवशी तो तिला नुसता ओढत नेत होता. त्याचं एक पाऊल म्हणजे हिची दोन. मध्येच ढेकळात अडखळून ती गुडघ्यावर पडली. बिराप्पा "हो, हो" करून ओरडला, पाखऱ्या जागीच थांबला. अंबूबाईनं गुडघ्याची माती झटकली, वाकळ सारखी केली आणि मागं न बघता म्हणाली, "चला." वाटेनं बाजाराची माणसं जात होती. दोघं-तिघं थांबले. एकजण हसला. बाया मात्र हसल्या नाहीत, त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि पाय उचलले. आपल्या बांधावर बसलेला आप्पासो उठून पलीकडं निघून गेला.

हरणाबाई कुरीमागून चालत होती. दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर चार खूर आणि दोन टाचा. टाचांना भेगा, भेगांत ओली माती. टाच रुतायची, पोटरीला गाठ यायची, मग टाच सुटायची. पुन्हा रुतायची. दाणे सोडता सोडता हरणाबाईला दुसरं काही दिसेनासं झालं.

आणि हे झालं नुसतं रानातलं. पहाटेचं जातं अंबूबाईचं, अर्ध्या कोसावरच्या विहिरीचं पाणी तिचंच, शेणघाण तिची, भाकऱ्या तिच्या. रानातून आल्यावर पुन्हा चूल तिचीच. बिराप्पा येऊन पाय पसरायचा. हरणाबाई पाखऱ्याचा खांदा चाचपायला गोठ्यात जायची. सुनेचे कष्ट तिला दिसत नव्हते असं नाही, पण सुनेनं एवढं करायचंच असतं. तिनंही केलं होतं. त्यात विशेष ते काय, असा तिचा हिशेब.

विशेष घडलं ते तिसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर. तास संपला की बांधाशी बैल वळवायला बिराप्पा हाळी द्यायचा. त्या दिवशी त्याला खोकला आला आणि हाळी राहूनच गेली. पण पाखऱ्या आणि अंबूबाई दोघं एकदमच वळले. कुणी कुणाला ओढलं नाही. पाखऱ्यानं पाऊल आखडतं घेतलं, अंबूबाईनं लांब टाकलं, जू सरळच्या सरळ फिरलं आणि नवा तास सुरू झाला. हरणाबाईनं कान दिला. बैलाच्या नाकपुड्यांतून श्वास बाहेर पडत होता त्याच वेळी सुनेच्या तोंडून हुंकार निघत होता. एकदम आत, एकदम बाहेर. जन्मभर गुरा-जित्राबांत काढलेली बाई ती, पण असं तिनं पाहिलं नव्हतं. देवळात घंटा वाजताना वाटावं तसं काहीतरी तिला वाटलं, आणि भीतीही वाटली.

"आये, चाडं रिकामं चाललंय!" बिराप्पा ओरडला.

दहा पावलं ती दाणे सोडायलाच विसरली होती.

रविवारी संध्याकाळी साडेतीन एकर पेरून झालं. दीड एकर उरलं. उद्या सोमवार, महादेवाचा वार, नंदीचा वार. त्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग आभाळ कोसळलं तरी. हरणाबाईच्या घरात तर हा नेम कधीच मोडला नव्हता. तिनं पाखऱ्याला तेल लावलं आणि तिथूनच सुनेला हाक मारली, "अंबे, सकाळी पाखऱ्याला पेंड जास्त टाक. सोमवार हाय त्येचा. आन् उद्या रान न्हाई तर वाकळा धुऊन काढ, दोन पायल्या दळून ठेव, गोठा सारवून घे."

अंबूबाई भाकरी थापत राहिली.

सोमवारी पहाटे हरणाबाईला जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज नसल्यानं. जातं गप्प होतं. घागरी जागच्या जागी, चूल थंड. अंबूबाईचं अंथरूण रिकामं. हरणाबाई धडपडत बाहेर आली. गोठ्यात पाखऱ्या बसून रवंथ करत होता आणि त्याच्या शेजारी, गव्हाणीला पाठ टेकून, अंबूबाई बसली होती.

"काय गं, बरं न्हाई व्हय?"

"बरी हाय."

"मग हितं काय करतीस?"

"बसलीया. आज सोमवार."

हरणाबाईला आधी कळेचना. "सोमवार बैलाचा आसतुय, बये. माणसाला कसला सोमवार?"

अंबूबाईनं वर पाहिलं. आवाज चढला नाही, की रडवेला झाला नाही. "आत्या, मला माणूस म्हणून जुपलं न्हवतं तुमी. चंद्याच्या जागी जुपलं. चंद्याला सोमवार हुता. मग मलाबी हाय."

"आगं, घरातली कामं?"

"चंद्या करत हुता व्हय घरातली कामं?"

असं उत्तर त्या घरात कुणी कुणाला दिलं नव्हतं. ती तरातरा आत आली आणि पोराला हलवून उठवलं. "ऊठ! तुझी बायकू गोठ्यात बसलीया. सोमवार पाळतीया म्हणं! सांग तिला कायतरी."

बिराप्पानं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. "म्या काय सांगू, आये? तिचं काय चुकलं ते आदी तू सांग मला."

ते काही हरणाबाईला सांगता आलं नाही. आणि सांगता येत नाही म्हणून ती जास्तच चिडली. "ऱ्हाऊ दे! मी काय मेली न्हाई आजून," म्हणत तिनं जात्याचा खुंटा धरला. सून आल्यापासून सहा वर्षांत तिनं जात्याला हात लावला नव्हता. चार मुठी दळून होईतो दंड भरून आले, पायलीभर होईतो डोळ्यांपुढं काजवे. आणि ही बाई हे उरकून मग जुवाखाली जात होती, असं मनात आलं, ते तिनं तिथंच दाबून टाकलं.

बिराप्पा घागरी घेऊन विहिरीवर गेला. गडी माणूस पाण्याला आलेला बघून बाया खुदुखुदू हसायला लागल्या. शालूबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती, ती म्हणाली, "का रं बिराप्पा, बायकू म्हायेरी धाडलीस व्हय?"

"न्हाई. तिचा सोमवार हाय."

"उपास धरलाय?"

"उपास न्हाई," बिराप्पा घागर उचलत म्हणाला, "सुट्टी."

एवढं बोलेतो घागर त्याच्या डोक्यावरून कलंडली आणि तो नखशिखांत भिजला. बायांना हसू आवरेना.

दुपारी हरणाबाईनं कशीबशी भाकरी केली. सुनेला हाक मारायची तर अभिमान आडवा येत होता. शेवटी पाखऱ्याला वैरण टाकायचं निमित्त करून, पदराखाली भाकरी झाकून ती गोठ्यात गेली. अंबूबाई कडब्यावर कुशीला पडून झोपली होती. पाखऱ्या तिच्या अंगाला अंग लावून बसला होता आणि माशा वारताना शेपूट तिच्यावर येऊ नये म्हणून की काय, पलीकडच्या बाजूलाच झटकत होता. पदर सरकला होता. हरणाबाईची नजर सुनेच्या डाव्या खांद्यावर गेली आणि तिथंच खिळली.

चोळी तिथं फाटली होती आणि फाटक्या कडा मांसाला चिकटून वाळल्या होत्या. खाली लिंबाएवढी गाठ. सालपट निघालेलं, मध्ये ओलं. हरणाबाईचा हात तिच्या नकळत पुढं झाला आणि तळवा तिनं अलगद तिथं टेकवला, रोज संध्याकाळी बैलाला टेकवायची तसाच. चटका बसावा इतका खांदा गरम होता. एवढं करूनही अंबूबाई जागी झाली नाही. इतकी झोप हरणाबाईनं कुणाची पाहिली नव्हती.

खांदा आला होता.

पाच संध्याकाळी ह्याच हातानं तिनं पाखऱ्याला चाचपलं होतं, तेल लावलं होतं, आणि 'माझ्या बैलाला केसाचा धक्का न्हाई' म्हणून समाधानानं जेवली होती. जुवाला दोन बाजू असतात, हे साठी गाठलेल्या बाईला कळू नये? तिला लाज वाटली, अशी की मान वर होईना. आणि लाजेहून मोठं दुसरंच काही वाटत होतं. हा खांदा घेऊन ही पोर पाच दिवस चालली. हूं नाही की चूं नाही. मागितलं ते काय, तर बैलाला मिळतं तेवढंच.

तिनं भाकरी गव्हाणीवर ठेवली, तेलाची वाटी आणून सुनेच्या हाताशी ठेवली आणि पाय न वाजवता ती बाहेर आली. मग दिवस मावळेतो तिनं गोठ्याकडं कुणाला फिरकू दिलं नाही.

मंगळवारी पहाटे जातं पुन्हा वाजत होतं. दिवस उगवायला अंबूबाई वाकळेचा तुकडा घेऊन रानात हजर. ती जुवाखाली वाकणार तोच हरणाबाई म्हणाली, "ठेव ती वाकळ खाली."

"का वं, आत्या?"

"खांदा आल्यालं जित्राब आमच्यात जुपत न्हाईत."

अंबूबाईनं चटकन पदर खांद्यावर ओढला. बिराप्पा दोघींकडं बघत राहिला. "मग आये, रान कसं व्हायचं? दीड एकर..."

"तू हाईस की. तुझा खांदा काय देवाला वाह्यलाय? शीर जुवाखाली."

"आन् कुरी?"

हरणाबाईनं चपला काढून बांधावर ठेवल्या, कुरीच्या पाया पडली आणि रुमणं धरलं. डाव्या हातात रुमणं, उजव्या हातानं चाड्यात दाणे. अंबूबाई पुढं आली तशी तिला म्हणाली, "तू घरला जा. बसून ऱ्हा."

आप्पासो आपल्या बांधावरून हे बघत होता. त्याला राहवेना. "आवं म्हातारे, बाईमाणसानं रुमणं धरलं तर पाऊस जातुय! सगळ्या गावाला भोवंल!"

"व्हय रं आप्पासो?" हरणाबाई तिथूनच ओरडली. "मग मागल्या साली कुणी धरलं हुतं?"

मागच्या साली शिवारातलं एकूण एक रुमणं गड्यांच्या हातात होतं, आणि आभाळातून थेंब पडला नव्हता.

कुरी काही हरणाबाईच्या हातात सरळ राहीना. दगड आला की उजवीकडं, ढेकूळ आलं की डावीकडं. पण तिचे हाल बरे म्हणायचे असे बिराप्पाचे हाल होते. तो अंगानं बायकोच्या दुप्पट. दात-ओठ खाऊन पुढं झेपावायचा, मग दम तुटून मागं लोंबायचा. पाखऱ्या त्याला कधी फरफटत नेई, कधी अडून उभा राही. आठव्या तासाला बिराप्पानं ढेकळांत बसकण मारली. दुपारी अंबूबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तो बांधावर उताणा पडला होता आणि आभाळाकडं बघत होता.

"अगं," तो म्हणाला, "पाच दिस. तू पाच दिस कशी वढलीस?"

"वढतुय कुठं आपुन?" अंबूबाई खाली बसत म्हणाली. "वढतुय पाखऱ्या. तुमी त्येच्यावर हुकूम सोडताय, म्हणून तो तुमास्नी वढतुय. त्येच्या म्होरं जायाचं न्हाई, मागं ऱ्हायाचं न्हाई. त्येनं दम घेतला की आपुन घ्यायाचा, त्येनं सोडला की सोडायाचा. मी म्हणून काय हाय, ते इसरायचं. दुसऱ्या दिवशी कळलं मला. मग ऊनबी कळंना, खांदाबी कळंना."

"आन् घरी आल्यावर?"

"घरी आल्यावर लय कळायचं," ती म्हणाली आणि भाकरी सोडायला लागली.

बिराप्पा उठून बसला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आपल्या बायकोकडं तो अनोळखी माणसाकडं बघावं तसा बघत होता. हरणाबाई पाठमोरी बसून तांब्यातलं पाणी पीत होती. तिनं सगळं ऐकलं. पाणी छातीवर सांडत होतं.

बुधवारी सूर्य मावळता मावळता बी संपलं आणि रानही संपलं.

आठ दिवसांनी बेंदूर आला. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं मळायचे आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं, अगदी घरच्या पाहुण्याला देतात तसं. बिराप्पा पाखऱ्याला धुऊन घेऊन आला. येताना रानावरून आला होता. "आये, बाजरी आली वर! सगळ्या रानात कोंब हाय. तू पेरल्याली वळ तर लांबनं वळखू येतीया. आप्पासो म्हणतुय, म्हातारी सापामागनं कुरी घिऊन पळत हुती व्हय?"

"वळ वाकडी आसली म्हणून कणीस वाकडं येत न्हाई म्हणावं," हरणाबाई म्हणाली. पण ती मनातून हरखली होती. वाटीत लोणी आणि हळद कालवत ती गोठ्यात गेली. अंबूबाई सवयीनं कंदील घेऊन मागं उभी राहिली.

हरणाबाईनं पाखऱ्याचा खांदा मळायला सुरुवात केली. दोन्ही तळव्यांनी, दाबून, मुरवून. मळून झाल्यावर तिनं वाटीत पाहिलं तर निम्मं लोणी उरलेलं. सवयीनं तिनं जोडीचं कालवलं होतं. चंद्या नाही, हे हातांना अजून ठाऊक नव्हतं.

"द्या वाटी, आत्या. झाकून ठिवते," अंबूबाई म्हणाली.

"थांब. कंदील बिराप्पाकडं दे. हितं ये. पाखऱ्याशेजारी बस."

"मी?"

"हितं. चंद्याच्या जागी."

अंबूबाई बसली. हरणाबाईनं तिचा पदर बाजूला केला. जखमेनं खपली धरली होती, गाठ ओसरली होती. लोणी-हळदीचा गोळा घेऊन ती हलक्या हातानं खपलीच्या कडेकडेनं फिरवायला लागली. अंबूबाई ताठ बसली होती. जुवाखाली पडली तेव्हा, खांदा फुटला तेव्हा, सोमवारी सासूपुढं बोलली तेव्हा जिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, तिचे ओठ आता थरथरायला लागले.

कंदील धरून उभ्या असलेल्या बिराप्पाला राहवलं नाही. सदऱ्याची गुंडी काढत तो म्हणाला, "आये, म्याबी वढलंय की. मला?"

"तू दोनच दिस वढलास. गप उजेड धर."

मग हरणाबाईनं हात पदराला पुसले आणि दोघांच्या पुढं उभी राहिली. आवतन बैलाला नेहमी मानानं देतात. तिनं आधी पाखऱ्याच्या कपाळाला हात लावला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या." मग तोच हात तिनं सुनेच्या कपाळाला लावला. सहा वर्षांत अगं-तुगं सोडून जिला दुसरं काही बोलली नव्हती, तिला ती म्हणाली, "तुमीबी आवतन घ्या, अंबूबाई. उद्या पोळ्या मी करणार हाय. जेवाय या. बसून जेवा."

अंबूबाईनं मान हलवली.

आणि त्याच वेळी पाखऱ्यानं मान वळवली. चैत्रापासून ज्या बाजूला तो बघत नव्हता, त्या बाजूला त्यानं तोंड नेलं, एकदा हुंगलं आणि लांब, खरखरीत जीभ काढून तो अंबूबाईचा खांदा चाटायला लागला. नुसतं लोणी चाटून थांबला नाही. लोणी संपल्यावरही तो चाटतच राहिला, सावकाश, जिथं जू बसलं होतं तिथंच. दुखत असणार, पण अंबूबाई हलली नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

बिराप्पाच्या हातातला कंदील खाली आला. मग हरणाबाईनं वाटी जमिनीवर ठेवली आणि त्या जोडीला हात जोडले.